तडा नसलेलं बीड

सुप्रभाला लोखंड दिसलं की ते वाजवून बघायची खोड आहे. पुलाचा कठडा असो, सायकलस्टँडचा खांब असो, बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि कान द्यायचा. आपल्याकडे बायका मडकं घेताना वाजवून घेतात ना, तस्संच. फरक इतकाच की ही बाई जपानात सेंदाईच्या विद्यापीठात धातू का तुटतात यावर संशोधन करते. भर रस्त्यात खांबाला कान लावून उभी असलेली परदेशी बाई दिसली की सेंदाईचे लोक नम्रपणे पलीकडच्या फुटपाथनं जातात.

खोड लागली कोल्हापुरात. तिचे वडील भानुदास, म्हणजे आप्पा, यांची शिरोलीला फाउंड्री. काम सगळं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. कॉलेजात असताना एकदा गिऱ्हाईक पंपाच्या बॉड्या न्यायला आलेलं, चहा झालेला, टेंपो दारात लागलेला, आणि ही कार्टी मध्येच म्हणाली, "आप्पा, ह्या एकीचा आवाज बद्द येतोय. आत पोकळी असणार." गिऱ्हाइकानं कप खाली ठेवला. आप्पा त्या दिवशी तिच्याशी बोललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी बॉडी फोडून बघितली, तर खरंच पोकळी! मग मात्र म्हणाले, "माणसांबद्दल एक वेळ खोटं बोललेलं चालतंय. बिडाबद्दल नको. बीड उद्या मोडून खरं सांगतंयच."

हे वाक्य तिनं असं घट्ट धरून ठेवलं की विचारू नका. नवरा सदानंद टोकियोत तोयोसुला आयटीत, शनिवार-रविवार सेंदाईला येतो. तो म्हणतो, "सुप्रभा, तुला प्रश्न विचारायची सोय नाही. तू उत्तर देतेस!" आणि जपानात तर काय, प्रश्न बरेचदा उत्तरासाठी विचारलेलाच नसतो. हे तिला कळायला एक अख्खं यंत्र लागलं.

२०११च्या भूकंपाला आणि त्सुनामीला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. सेंदाईत एका देवळाच्या आवारात रविवारचा बाजार भरतो. तिथं एक म्हातारं जोडपं वांगी, मुळे आणि सुकवलेली पर्सिमनची फळं घेऊन बसायचं. शेगडीवर त्यांची चहाची काळी किटली, बिडाची. सुप्रभानं मुळे घेता घेता सवयीनं किटलीला टिचकी मारली. टण्ण! आणि लगेच ओशाळली. दुसऱ्याच्या किटलीला टिचक्या मारणं हे काही कोणत्याही देशात शिष्टाचारात बसत नाही.

म्हातारा मात्र हसला. "कसं आहे?"

"छान आहे. ओतणारा माणूस घाई करणारा नव्हता."

"त्याच माणसानं ओतलेली आणखी एक वस्तू माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "ती वाजवून बघाल का?"

हे ओनोदेरा-सान, म्हणजे आपल्याकडचं 'ओनोदेराजी'. पंचाहत्तरी ओलांडलेले, काटक. शेजारी बायको फुमिको-सान. राहायला मारुमोरीच्या पुढे डोंगरात, तिच्या माहेरच्या घरी. डोंगर ओलांडला की फुकुशिमा. पुढच्याच शनिवारी सुप्रभा गाडीनं गेली, स्टेशनवर ओनोदेरा-सान छोटा पांढरा ट्रक घेऊन उभे होते. घराच्या मागं पडवीत, जाड लाकडी फळीवर, बोल्टनं कसलेली ती वस्तू होती. हातभर उंचीची, काळीभोर. एक गोल चौकट, तिच्या पोटातून वर सरकणारा दांडा, बाजूला लांब हँडल.

"काडतुसं भरायचं यंत्र," ओनोदेरा-सान म्हणाले.

सुप्रभानं आयुष्यात इतकं बीड पाहिलं, पण असलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. बंदूक उडवली की काडतुसाची रिकामी पुंगळी उरते. जुने शिकारी ती टाकून देत नसत. ती दाबून पुन्हा मापात आणायची, पुन्हा भरायची, पुन्हा वापरायची. त्यांचे आजोबा पितळी पुंगळ्या लाकडी हातोडीनं ठोकून भरायचे. पुढे एक हातातलं अवजार आलं, दोन मुठींचं, थेट आपल्या अडकित्त्यासारखं. आणि मग ही अशी टेबलावरची यंत्रं. त्यांच्याकडे बंदुकीचा परवाना होता, दारूगोळ्याची परवानगी होती, कपाटाला कुलूप होतं, वर्षाकाठी पोलीस येऊन बघून जायचे. जपानात त्याशिवाय चालतच नाही.

पण सुप्रभाचं लक्ष पुंगळ्यांत कुठलं असायला! ती चौकटीभोवती फिरत होती. "ही गोल का आहे? एका बाजूनं उघडी ठेवली असती तर हात घालायला सोपं नसतं का?"

"वडिलांनी पाहिलेलं पहिलं तसंच होतं, उघडं. पण जोर दिला की त्याचा जबडा वासायचा, म्हणायचे. हे बंद आहे, हे वासत नाही."

"बरोबर! जोर सगळीकडून वाटला जातो!" तिनं टाळीच वाजवली. फुमिको-सान चहा घेऊन आल्या होत्या, त्या दचकल्या.

"आणि नाव कुठाय? कारखान्याचा शिक्का?"

शिक्का नव्हताच. युद्ध संपल्यावर सेंदाईला अमेरिकन सैन्याचा तळ होता. त्यातला एक अधिकारी बदकांच्या शिकारीला समुद्राकडे यायचा आणि ओनोदेरा-सानचे वडील त्याला वाट दाखवायचे. त्याच्याकडचं नवं, बंद चौकटीचं अमेरिकन यंत्र वडिलांनी डोळ्यांत भरून घेतलं, बांबूच्या पट्टीवर मापं घेतली, आणि उत्तरेला मिझुसावात त्यांचा एक दोस्त बिडाच्या किटल्या ओतायचा, त्याला म्हणाले, असं करून दे. त्यानं आयुष्यात किटलीशिवाय काही ओतलं नव्हतं.

सुप्रभानं यंत्राच्या बुडाखाली बोटं घातली आणि थबकली. खाली बारीक बारीक उंचवटे लागले, ओळीनं. किटलीच्या अंगावर असते तीच दाण्यांची नक्षी! कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, बंदुकीच्या यंत्राला. त्या किटलीवाल्याला राहवलंच नसणार.

"मला हे माहीत नव्हतं," ओनोदेरा-सान म्हणाले. त्यांनीही हात घातला. दोघं बराच वेळ यंत्राच्या बुडाखाली हात घालून बसले होते.

मग त्सुनामीची गोष्ट निघाली. तेव्हा घर किनाऱ्याला, यामामोतोला होतं. त्या दिवशी दोघं इथं डोंगरात, सासूबाईंना बघायला आले होते म्हणून वाचले. घर गेलं, पडवी गेली. यंत्र बऱ्याच दिवसांनी शेजाऱ्याच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात, खाऱ्या चिखलात सापडलं, लालभडक गंजलेलं. फुमिको-साननी चहाचा चोथा उकळून उकळून त्यानं ते चोळलं, किटलीचा गंज काढतात तसं, तेव्हा पुन्हा काळं झालं. त्या घरातली तेवढीच एक वस्तू परत आली; किटली इथं माहेरी होती म्हणून राहिली.

"आता इथं बघा." त्यांनी चौकटीच्या मानेवर नख फिरवलं. तिथं एक बारीक रेघ लागत होती. "मला वाटतं, तडा आहे. तुमची तर तीच विद्या. काय असेल ते न घाबरता सांगा."

निघताना फुमिको-साननी फाटकाशी खुलासा केला. गावात रानडुकरांचा सुळसुळाट झालाय. डोंगरापलीकडची गावं अणुकेंद्राच्या अपघातानं रिकामी झाली, तिथं डुकरं माजली आणि इकडे उतरली. शेतं उकरतात. त्यांना मारायला गावात एक गट आहे, सगळे म्हातारे, आणि ओनोदेरा-सान त्यांचे म्होरके. ते विकतचं काडतूस वापरत नाहीत. पूर्वीच एकदा सगळ्यांसमोर म्हणून बसलेत, "वडिलांचं हे यंत्र मोडेल त्या दिवशी मी बंदूक ठेवीन."

म्हणजे यंत्र गेलं की माणसाची बंदूक गेली! परतीच्या गाडीत सुप्रभा मनात एकच घोकत होती, देवा, तडा नसू दे.

दोघं यंत्र फुरोशिकीत, म्हणजे चौकोनी कापडात, गाठोडं बांधून लॅबमध्ये घेऊन आले. कोट घालून, टाय लावून, डॉक्टरकडे आल्यासारखे. सुप्रभानं डीपी टेस्ट लावली. साधी गोष्ट असते, कोल्हापुरातही करतात. लोखंड स्वच्छ करायचं, त्यावर लालभडक रंग सोडायचा. तडा असला तर रंग आत मुरतो. मग वरचा रंग पुसून टाकायचा आणि पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तिथं आतला लाल रंग पांढऱ्यावर उमटून येतो, रेघेसारखा. तिनं दोघांना नीट समजावलं. "पांढऱ्यावर लाल दिसलं, की तडा."

दोघं गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसले. मान पांढरी झाली. आणि पांढरीच राहिली.

"ही रेघ म्हणजे साच्याच्या दोन भागांचा सांधा आहे हो! तडाबिडा काही नाही!" सुप्रभाचा जीव भांड्यात पडला. तिला राहवेना. तिनं आप्पांना फोन लावला आणि छोट्या हातोडीनं चौकटीवर एक ठोका दिला.

"परत वाजव," शिरोलीहून आप्पा म्हणाले. तिनं परत वाजवलं. "आयला! घंटा हाय की गं घंटा! कुणी ओतलंय?"

"किटलीवाल्यानं, आप्पा."

"नाद खुळा!"

तिनं फोन ठेवला आणि ओनोदेरा-सानकडे वळून, चेहरा उजळून, म्हणाली, "अजून शंभर वर्षं याला काही होत नाही!"

फुमिको-सान खिडकीबाहेर बघत होत्या. "सो देस का," म्हणजे असं होय, असं ओनोदेरा-सान म्हणाले. मग उठून वाकले, आभार मानले, पुन्हा वाकले. कापडाची गाठ बांधताना त्यांच्याच्यानं ती बसेना, दोनदा सुटली. सुप्रभाला वाटलं, आनंदानं घाई होतेय. धन्य ती बाई! तुटणाऱ्या धातूंवर पीएच्‌डी, आणि समोर बसलेलं माणूस दिसेना.

पुढे काही रविवार बाजारात फुमिको-सान एकट्याच बसलेल्या दिसल्या. सुप्रभानं विचारलं, "ओनोदेरा-सान कुठे?"

"डोंगरावर. गटाबरोबर." त्यांनी मुळ्यांची जुडी उगाच उलटीसुलटी केली. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात बोलल्या. इतकं बोलताना सुप्रभानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ओनोदेरा-सानच्या वडिलांची शिकवण एकच, जे मारलं ते खायचं. बदक मारलं तर बदक जेवायचं, हात जोडून. आता डुकरं मारतात, पण अणुकेंद्राच्या अपघातानंतर त्या डुकरांच्या मांसात किरणोत्सार असतो, खाता येत नाही, विकता येत नाही. खड्डा खणून पुरायची. पिल्लं घेऊन असलेली डुकरीणसुद्धा. ते खड्ड्यापाशी हात जोडून उभे राहतात आणि घरी आले की जेवत नाहीत. थांबायचं आहे त्यांना, केव्हाचं थांबायचं आहे. पण म्होरक्यानं 'मला नको' म्हटलं तर बाकीचे म्हातारेही घरी बसतील, आणि गावची शेतं डुकरांच्या घशात. स्वतःच्या तोंडानं कसं म्हणणार? यंत्र मोडलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं. सगळ्यांना ती प्रतिज्ञा माहीतच होती.

"नख फिरवून रेघ त्यांनीच शोधून काढली होती," फुमिको-सान म्हणाल्या. "किती आशेनं आले होते तुमच्याकडे."

सुप्रभाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. न घाबरता सांगा, म्हणाले होते. ही पठ्ठी समजली की तडा म्हणजे वाईट बातमी, ती सांगायला घाबरू नका! आणि वरून आप्पांची घंटा वाजवून दाखवली.

तिनं ओनोदेरा-सानना फोन केला आणि म्हणाली, एक तपासणी राहिली आहे, यंत्र पुन्हा आणून द्याल का? हे काही खोटं नव्हतं. तपासण्या कधी संपत नाहीत. त्यांनी यंत्र आणून दिलं, नवमीला निकाल घ्यायला येतो म्हणाले. नवमी हा तिचा हिशेब, त्यांनी फक्त तारीख सांगितली. नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम सुरू होणार होता आणि त्याआधी गटाची बैठक होती.

मग या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून तडा शोधला. अल्ट्रासाउंड लावला. भिंगाखाली मानेचा कण न् कण बघितला. हँडल शंभरदा खाली ओढलं. कुठं काही नाही! किटलीवाल्या, मेल्या, थोडी तरी घाई करायची होतीस! सदानंद फोनवर म्हणाला, "अगं, सांगून टाक ना आहे म्हणून. कोण बघायला येतंय?"

"सदा, बिडाबद्दल खोटं?"

"म्हाताऱ्याचं काय करायचं मग?"

आप्पांना विचारायची तर तिची हिंमतच झाली नाही.

नवमीच्या सकाळी तिनं शेवटची आशा म्हणून पुन्हा डीपी टेस्ट लावली. लाल रंग, पुसणं, पांढरी भुकटी. मान पुन्हा पांढरीशुभ्र. आता ते येतील, आता सांगावं लागेल, आणि तिला स्वतःची जीभ चांगली ठाऊक होती. प्रश्न आला की ती उत्तर देणार.

खंडेनवमी होती. दरवर्षी या दिवशी ती लॅबमधल्या यंत्रांची पूजा करते, सगळ्यांना सवय आहे. करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवायचं, मायक्रोस्कोपला एक बोट, भट्टीला एक बोट, ओढून तोडायच्या मशीनला एक बोट, वर हळद, आणि झेंडू मिळत नाही म्हणून बाजारातली पिवळी शेवंती. किटलीवाल्याचं यंत्रही टेबलावर होतंच. त्याला कसं वगळायचं? पाहुणं का असेना, यंत्र आहे. तिनं मानेवर बोट टेकवलं. मनातला विचार दुसरीकडे, कुंकू जरा पातळ झालेलं. ते तिनं पाहिलं नाही. ती हळद घ्यायला वळली.

दारावर टकटक झाली. वेळेच्या आधी! जपानात वेळेवर येणं म्हणजे उशिराच येणं. ओनोदेरा-सान आत आले, मागून फुमिको-सान. ते दोन पावलं चालले आणि यंत्रापाशी थांबले.

सुप्रभा वळली. कुंकवाचा थेंब ओघळून मानेवरून खाली, बरोबर त्या सांध्यावरून, बारीक लाल रेघ उतरली होती. पांढऱ्यावर लाल.

ओनोदेरा-साननी वाकून ती रेघ जवळून पाहिली. मग त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. "यप्पारी," म्हणजे वाटलंच होतं, असं ते पुटपुटले. आणि त्यांनी यंत्रासमोर हात जोडले, डोळे मिटून.

सुप्रभाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. अहो नाही, तो तडा नाही, ते कुंकू आहे, आमच्याकडे आज... तोंड उघडलंसुद्धा. समोर एक म्हातारा माणूस डोळे मिटून उभा होता, आणि त्यानं काही विचारलेलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं. बापरे, काय जड गेलं तिला ते!

"हे आता तुमच्याकडेच राहू दे," ओनोदेरा-सान डोळे उघडून म्हणाले. "तडा गेलेलं बीड तुमच्या उपयोगाचं. गटाला मी सांगतो." चेहरा कसा मोकळा झाला होता. जाता जाता त्यांनी बुडाखाली बोटं घालून ती नक्षी एकदा चाचपली.

आता तुम्ही म्हणाल, पाचोळ्याखालचा डुकराचा माग ओळखणारा हा शिकारी. शेजारीच मायक्रोस्कोपच्या कपाळावर तोच लाल ठिपका होता, वर शेवंतीचं फूल होतं. भट्टीवर होता, मशीनवर होता. त्याला दिसलं नसेल? देव जाणे. सुप्रभानं कधी विचारलं नाही, आणि हे तिचं आयुष्यातलं पहिलं न विचारणं.

फुमिको-सानना मात्र दिसलं. त्यांची नजर मायक्रोस्कोपवर गेली, भट्टीवर गेली, यंत्रावर गेली, आणि टेबलाच्या कडेला उघड्या पडलेल्या कुंकवाच्या करंड्यावर येऊन थांबली. त्या पुढे झाल्या. करंड्याचं झाकण उचलून त्यांनी हलकेच लावून टाकलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला, बस चुकेल."